कुलूप लावायचा हक्क

युनिरेआ उर्झिचेनीची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर थांबतात. 20 ऑक्टोबर 2009, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी फुटबॉल स्पर्धा चॅम्पियन्स लीग, रेंजर्स 1, युनिरेआ 4. एका बाजूला 1872 पासूनचा स्कॉटिश क्लब. दुसऱ्या बाजूला सतराएक हजार वस्तीच्या रोमानियन गावाचा संघ. हे अख्खं गाव उचलून त्या स्टेडियममध्ये बसवलं असतं, तरी दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. त्या रात्रीचे दोन गोल रेंजर्सच्याच खेळाडूंनी आपल्या जाळ्यात मारले होते. पण ही बारीक गोष्ट सांगणाऱ्याला नको असते. परीकथेत स्वयंगोल शोभत नाहीत.

मला आक्षेप आहे तो ही गोष्ट तिथे थांबवण्याला. आयब्रॉक्सनंतर दोन वर्षंही झाली नव्हती आणि हा क्लब अस्तित्वातच उरला नव्हता. रोमानियन लीगचा 2009 चा विजेता, 2010 चा उपविजेता, 2011 च्या उन्हाळ्यात शून्य. ज्या हंगामाला आपण चमत्कार म्हणतो, त्याच्या पोटातच हा शेवट होता का? माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि त्याचं कारण मैदानात सापडत नाही.

आधी तो हंगाम. उर्झिचेनी हे यालोमित्सा जिल्ह्यातलं गाव, बुखारेस्टपासून साठेक किलोमीटरवर, बरगानच्या सपाट गव्हाळ मैदानात. राजधानीतून मोल्दोवाकडे जाणाऱ्या ट्रक आणि बसना लागणारा हा फाटा. आपल्याकडे चहासाठी गाडी थांबते आणि प्रवाशांना गावाचं नावही आठवत नाही, तशा जातीचं ठिकाण. क्लब 1954 चा. पन्नासहून अधिक वर्षं तो खालच्या विभागांत खेळला आणि 2006 मध्ये पहिल्यांदा अव्वल विभागात आला. त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून दान पेत्रेस्कू आला. चेल्सीचा उजवा बचावपटू, 1998 च्या विश्वचषकात तुलूझला शेवटच्या मिनिटात इंग्लंडवर गोल करणारा. त्याच्यामुळे वर्तमानपत्रांनी संघाला ‘यालोमित्साची चेल्सी’ म्हणायला सुरुवात केली. नाव अर्धं कौतुकाचं, अर्धं टिंगलीचं.

पहिल्या वर्षी दहावा क्रमांक. दुसऱ्या वर्षी पाचवा, शिवाय रोमानियन कपच्या अंतिम सामन्यात क्लुज शहराच्या संघाकडून पराभव. तिसऱ्या वर्षी, 2008–09 मध्ये, 34 सामन्यांत 70 गुण आणि थेट विजेतेपद. संघात नावाजलेलं कोणी नव्हतं. अर्जेंटिनाचा ब्रांदान, लिथुआनियाचा गोलरक्षक आर्लाउस्किस, आणि मोठ्या क्लबांना नकोसे झालेले किंवा त्यांच्या नजरेतच न आलेले रोमानियन खेळाडू. खेळ डोळ्यांना सुखवणारा नव्हता. भरपूर धावणं, कमी गोल खाणं, 1–0 झालं की दार लावून घेणं. मला हा खेळ आवडतो असं म्हणणार नाही, पण 34 सामने असं खेळायला जी शिस्त लागते ती थट्टेवारी नेण्यासारखी नसते.

या विजेतेपदाचं वजन कळायला मागची वर्षं पाहावी लागतात. 1991 मध्ये राजधानीबाहेरचं क्रायोवा जिंकलं, त्यानंतर 2007 पर्यंत प्रत्येक विजेतेपद बुखारेस्टमध्येच राहिलं: स्तेआवा, दिनामो, रॅपिड. कम्युनिस्ट काळात स्तेआवा लष्कराचा, दिनामो गृहखात्याचा, रॅपिड रेल्वेचा. राजवट गेली तरी सत्तेचा नकाशा सोळा वर्षं तसाच राहिला. 2008 मध्ये क्लुजने तो फाडला. मग युनिरेआ, पुन्हा क्लुज, मग गालात्सचा ओत्सेलुल, पुन्हा क्लुज. सलग पाच वर्षं चषक राजधानीबाहेर. तेव्हा याला विकेंद्रीकरण म्हणणारे बरेच होते. मला वाटतं, सत्ता राजधानीतून गावात गेली नाही. ती खात्यांच्या हातातून वेगवेगळ्या धनिकांच्या हातात गेली, आणि त्यांतले काही जण योगायोगाने राजधानीबाहेरचा संघ धरून बसले होते.

युनिरेआचा धनिक होता दुमित्रू बुकशारू. रोमानियन फुटबॉलमधले मालक म्हणजे रोज रात्री टीव्हीवर बडबडणारी माणसं. हा त्याच्या उलट, कॅमेऱ्याला टाळणारा. त्याने पेत्रेस्कूला मोकळीक दिली, पगार दिले आणि ढवळाढवळ केली नाही. चांगला मालक कसा असावा असं कोणी विचारलं असतं, तर 2009 मध्ये लोकांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं. म्हणूनच हे उदाहरण घ्यावंसं वाटतं. वाईट मालकाने क्लब बुडवला तर आपण मालकाला शिव्या देतो आणि प्रश्न तिथेच संपतो. चांगल्या मालकाचा क्लब बुडाला की प्रश्न उघडा पडतो.

चॅम्पियन्स लीगच्या गटात स्पेनचा सेव्हिया, जर्मनीचा स्टुटगार्ट, रेंजर्स आणि युनिरेआ. उर्झिचेनीचं मैदान स्पर्धेच्या निकषांत बसणारं नव्हतं, म्हणून घरचे सामने बुखारेस्टला, स्तेआवाच्या स्टेडियमवर. सेव्हियाला 1–0 ने हरवलं. सहा सामन्यांत आठ गुण झाले आणि तिसरा क्रमांक मिळाला. शेवटच्या सामन्यात स्टुटगार्टला नुसती बरोबरी केली असती तरी बाद फेरी गाठता आली असती. तिथे 3–1 ने हरले. आणि डिसेंबर संपायच्या आत पेत्रेस्कू निघून गेला, रशियातल्या क्रास्नोदारच्या कुबान संघाकडे, जो तेव्हा तिथल्या दुसऱ्या विभागात होता. चॅम्पियन्स लीगमधून रशियाच्या दुसऱ्या विभागात! ही एक बातमी नीट वाचली असती तर पुढचं सगळं कळलं असतं. घर आतून पोकळ होतंय हे सगळ्यात आधी घरात राहणाऱ्यालाच दिसतं.

पुढचं थोडक्यात. युरोपातल्या दुय्यम स्पर्धेत, युरोपा लीगमध्ये, लिव्हरपूलने बाहेर काढलं. लीगमध्ये दुसरा क्रमांक आला. 2010 च्या उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत रशियाच्या झेनितने एका गोलने, मग क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिटने हरवलं. मालकाने हात आखडता घेतला. गोलरक्षक रशियाला गेला, आणखी बरेच जण एकगठ्ठा स्तेआवाकडे गेले. उरलेला संघ त्या हंगामाअखेर खालच्या विभागात घसरला, आणि घसरून तिथे खेळायलाही उतरला नाही. गाशा गुंडाळला.

आता इथे सगळ्यात सोपा युक्तिवाद येतो आणि तो हलक्यात घेऊ नये. पैसा मालकाचा होता. त्याने घातला म्हणून गावाने आयब्रॉक्स पाहिलं. त्याने थांबवला म्हणून संपलं. ज्याची म्हैस त्याचा गोठा. गावाने काय लावलं होतं?

मला या हिशेबात एक मोठी चूक दिसते. रोमानियाच्या 2009 च्या विजेत्याला चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट प्रवेश होता, एकही पात्रता सामना न खेळता. हा मान युनिरेआने कमावलेला नव्हता. युरोपीय स्पर्धांमध्ये एखाद्या देशाच्या सगळ्या क्लबांनी मागच्या पाच वर्षांत केलेल्या कामगिरीवरून त्या देशाच्या जागा ठरतात. 2006 च्या यूएफा कपमध्ये, म्हणजे युरोपा लीगच्या जुन्या रूपात, स्तेआवा आणि रॅपिड उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांसमोर आले, आणि स्तेआवा उपांत्य फेरीत मिडल्सब्रोकडून हरला. रोमानियाच्या खात्यात जमा झालेल्या त्या गुणांवर युनिरेआ थेट गटात बसला. त्या वर्षी गटातल्या नुसत्या सहभागाचे 71 लाख युरो मिळायचे, शिवाय प्रत्येक विजयाला आठ लाख आणि बरोबरीला चार लाख. दोन विजय, दोन बरोबरी, म्हणजे टीव्ही हक्कांचा वाटा सोडूनच 95 लाख युरो झाले. यातला किती पैसा एकट्या मालकाच्या गुंतवणुकीचा परतावा होता आणि किती इतरांच्या घामाचा? शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर विहीर त्याची असेल, पण पाणी शिवारातून झिरपून आलेलं आहे.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. लीगमध्ये एक संघ जिंकतो कारण बाकीचे सतरा त्याच्याशी खेळतात. एकट्याने विजेता होता येत नाही. फुटबॉल क्लब हा साबणाचा कारखाना असता तर त्याला टाळं लागल्यावर प्रतिस्पर्ध्यांना आनंद झाला असता. इथे एक क्लब बुडाला की सगळ्यांचं वेळापत्रक, सगळ्यांचा इतिहास भोकं पडल्यासारखा होतो. आज रोमानियन विजेत्यांची यादी वाचा. 2009 च्या रकान्यात असं नाव आहे, ज्याची सलग नोंदणी पुढे चाललीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सतरा हजारांचं गाव अव्वल विभागातला क्लब पोसू शकत नाही. खरंच आहे. मालक गेल्यावर गावाने वर्गणी काढून सेव्हियाशी सामने खेळावेत अशी कोणाचीच अपेक्षा नाही. पण युरोपीय फुटबॉलची रचनाच अशी आहे की प्रत्येकाला त्याच्या ऐपतीचा मजला सापडतो. खाली उतरता येतं. तिसऱ्या विभागात, जिल्ह्याच्या लीगमध्ये, रविवारी दुपारी दोनशे लोकांसमोर खेळता येतं. पन्नास वर्षं हा क्लब तसाच जगला होता आणि त्याला कोणी अपयश म्हटलं नव्हतं. विजेतेपदाने त्याच्याकडून हा साधा हक्क काढून घेतला. क्लब इतका फुगवला गेला की मालक बाजूला झाल्यावर त्याला मूळ आकारात परत जायला दारच उरलं नाही. मला त्या हंगामाबद्दल खरी खंत असेल तर ती ही. गाव पुढे पुन्हा खेळलं, नव्या नोंदणीने, खालच्या स्तरावर. पण ती सलग रेघ नव्हे. तुटलेल्या दोरीला मारलेली गाठ आहे.

याच देशात, दोनच वर्षांनी विजेता झालेल्या दुसऱ्या क्लबकडे पाहिलं की फरक लख्ख दिसतो.

गालात्स हे डॅन्यूबकाठचं पोलादाचं शहर. क्लबचं नावच ओत्सेलुल, म्हणजे ‘पोलाद’. साठच्या दशकात उभारलेला तिथला अवाढव्य कारखाना 2001 मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी घेतला आणि 2019 मध्ये तो संजीव गुप्तांच्या लिबर्टीकडे गेला. भारतीय नावं ऐकून छाती फुगवायचं कारण नाही. गालात्समधल्या कामगाराला मालक कोणत्या देशाचा याच्यापेक्षा भट्टी पेटती राहते का, याची काळजी जास्त. 2010–11 मध्ये दोरिनेल मुन्त्यानूच्या प्रशिक्षणाखाली ओत्सेलुल पहिल्यांदा विजेता झाला. हा मुन्त्यानू म्हणजे रोमानियासाठी 134 सामने खेळलेला, देशाचा विक्रमवीर. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र ओत्सेलुलची पार धूळधाण झाली. मँचेस्टर युनायटेड, बेन्फिका, बाझल, सहापैकी सहा सामने हरले. युनिरेआच्या आठ गुणांपुढे यांचा भोपळा. मैदानातला हिशेब लावला तर युनिरेआ कितीतरी सरस.

पुढे ओत्सेलुलही कर्जात बुडाला. 2016 मध्ये जुनी कंपनी दिवाळखोरीत संपली. पण इथे चाहत्यांनी स्वतः क्लब पुन्हा नोंदवला, नावातच ‘समर्थकांचा क्लब’ असं घालून, आणि थेट चौथ्या विभागातून सुरुवात केली. आदल्या पाच वर्षांत ओल्ड ट्रॅफर्डवर खेळलेलं नाव आता जिल्ह्यातल्या गावठी मैदानांवर फिरत होतं. कोणाला लाज वाटली नाही. 2022 मध्ये दुसरा विभाग, 2023 मध्ये पुन्हा अव्वल विभाग. पैशाची चणचण संपली असं नाही. पण चणचण असलेला क्लब आणि अस्तित्वातच नसलेला क्लब यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

काही लोक म्हणतील, गालात्स दोन लाखांवर वस्तीचं शहर, उर्झिचेनीशी तुलना कशी? मान्य, आकाराचा फायदा आहेच. पण तिमिश्वारा शहर गालात्सहून मोठं आणि 2009 मध्ये युनिरेआच्या मागे दुसरं आलेलं. 2011 मध्ये पुन्हा दुसरं आलं, कर्जांमुळे परवाना नाकारला गेला, खाली ढकललं गेलं आणि पुढच्या वर्षी क्लबच बुडाला. तिथेही चाहत्यांनी विद्यापीठाशी जोडलेल्या एका छोट्या संघाला आपला म्हणून धरलं आणि खालून वर आणायला घेतलं. म्हणजे शहर मोठं असल्याने क्लब वाचत नाही. बुडाल्यावर उचलायला आपले हात पुढे येतात का, यावर ठरतं. उर्झिचेनीत हात नव्हतेच असं मी म्हणणार नाही. त्यांना पकडायला काही ठेवलेलं नव्हतं.

हे सगळं परमुलखातलं म्हणून सोडून देता येत नाही. आद्रियान मुतू आठवतो? रोमानियाचा नामांकित खेळाडू हाजी याच्या बरोबरीने देशासाठी 35 गोल करणारा, चेल्सी आणि फिओरेन्तिनाचा मुतू 2015 मध्ये पुण्यात खेळला, बालेवाडीला, एफसी पुणे सिटीकडून. चार वर्षांनी तो क्लब उरला नाही आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पुणेकरांनी किती आसवं गाळली? फारशी नाहीत, कारण ते त्यांचं कधी झालंच नव्हतं. मुंबईत महिंद्रा युनायटेड 2005–06 चा राष्ट्रीय विजेता, आणि 2010 मध्ये व्यवस्थापनाने निर्णय घेतला, संघ बंद. त्याच राज्यात कोल्हापूरला या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस... शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा उतरतात. मारामाऱ्या होतात, शिव्या होतात, त्यांचं कौतुक नाही. पण खंडोबा तालमीला टाळं ठोकायची ताकद कोणा एका माणसात आहे, अशी कल्पना तरी करता येईल का? राष्ट्रीय विजेतेपद नाही, टीव्ही हक्क नाहीत, आणि तरी त्या दारावर बाहेरून कुलूप लागत नाही.

मग सभासदांची मालकी हाच उपाय का? इथे मराठी माणसाने तरी भोळं होऊ नये. एक सभासद एक मत, हे आपल्याला सहकारी साखर कारखान्यांनी शिकवलं. 1950 मध्ये प्रवरानगरला सुरू झालेली ती गोष्ट पुढे कुठे कुठे कशी गेली, हेही आपणच पाहिलं. कागदावर हजारो मालक आणि प्रत्यक्षात एक घराणं. कारखाना आधी आजारी, मग लिलावात, मग त्याच वर्तुळातल्या कोणाच्या तरी खाजगी कंपनीकडे. त्यामुळे जर्मनीसारखा नियम आणा, क्लबच्या मतांतली निम्म्याहून जास्त सभासदांकडे ठेवा, की सगळं आपोआप ठीक, असं मी म्हणणार नाही. जर्मनीत तो नियम चालतो कारण तिथल्या सभासदाला वार्षिक सभेला जायची आणि भांडायची सवय आहे. पिढ्यान्पिढ्या लष्कर आणि गृहखातं यांच्या संघांना टाळ्या वाजवलेल्या देशात ती सवय एका कायद्याने येत नाही.

सरकारी मालकी त्याहून वाईट. स्तेआवाचं उदाहरण ताजं आहे. 1986 मध्ये स्पेनमधल्या सेव्हिया शहरात बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवून गोलरक्षक दुकादामने युरोपीय चषक आणला तो हा क्लब. पुढे तो खाजगी हातात, जीजी बेकालींकडे गेला, आणि नाव, चिन्ह, रंग कोणाचे यावर संरक्षण खात्याने कोर्टात खेचलं. 2017 पासून एकीकडे एफसीएसबी नावाचा व्यावसायिक संघ आणि दुसरीकडे लष्कराने नव्याने उभा केलेला स्तेआवा. एकाकडे खेळाडू, दुसऱ्याकडे नाव. 1986 ची ती रात्र कोणाच्या खात्यावर मांडायची याचे कज्जे वर्षानुवर्षं चालले. भावकीच्या वाटणीत देवघरातल्या टाकांचं होतं तसं.

पण या कज्ज्यातून एक गोष्ट उपयोगाची हाती लागते. क्लबमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. एक धंदा: करार, पगार, तिकिटं, टीव्हीचे पैसे. दुसरी ओळख: नाव, चिन्ह, रंग, जुने निकाल, नोंदणी. धंद्याचा मालक खुशाल एकच असू दे. त्याने नफा करावा, तोटा करावा, कंटाळावं, निघून जावं. ओळखीची नोंदणी मात्र त्याच्या कंपनीत नसावी. ती गावात राहणाऱ्या लोकांच्या संस्थेकडे असावी, आणि मालकाने ती भाड्याने घ्यावी. मालक गेला तर धंदा संपतो, नोंदणी उरते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीही अकरा जण ते नाव घालून चौथ्या विभागात उतरू शकतात. शिवाय युरोपीय स्पर्धेचा पैसा हा देशाच्या सगळ्या क्लबांनी मिळून कमावलेल्या जागेवर येत असेल, तर त्यातला दहावा हिस्सा तरी याच संस्थेकडे ठेव म्हणून जावा. उर्झिचेनीच्या 95 लाखांतले साडेनऊ लाख युरो. जिल्हा लीगमधला संघ तेवढ्यात किती वर्षं चालेल, याचा हिशेब ज्याने कधी गल्लीतली स्पर्धा भरवली आहे त्याला लगेच करता येईल.

यावर म्हणतात की अशा अटी घातल्या तर बुकशारूंसारखे लोक पैसा घालायलाच येणार नाहीत, आणि मग आयब्रॉक्सही होणार नाही. शक्य आहे. मालकाला अट जाचक वाटून एखादं विजेतेपद हुकलं तर मी ती किंमत द्यायला तयार आहे. मुळात ज्याला कुलूप लावायचा हक्क हातात असल्याशिवाय पैसा घालावासा वाटत नाही, त्याला नक्की काय विकत घ्यायचं असतं?

15 मे 2024 ला सिबिऊमध्ये रोमानियन कपचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ओत्सेलुल गालात्स. दुसऱ्या बाजूला हुनेदोआराचा कोर्विनुल, तोही पोलादाच्या गावाचा, तोही एकदा बुडून पुन्हा उभा राहिलेला, आणि त्या वेळी दुसऱ्या विभागात खेळणारा. 2–2 बरोबरी झाली आणि पेनल्टींवर ओत्सेलुल हरला. चषक हुनेदोआराला गेला. पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात दोन्ही नावं होती.